जनगणनेतून निसटणारी माणसे

२०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत. लोकसंख्येच्या अवघे २.२१ टक्के. कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केल्यानंतर, २०१८मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही आकडा २.२ टक्केच राहिला. याउलट जागतिक आरोग्य संघटनेच्या ५९ देशांतील पाहणीत प्रौढांमधील प्रमाण १५.६ टक्के, तर गरीब देशांत १८ टक्के निघाले. मधुमेह, रस्ते अपघात आणि उपचारांअभावी बळावणारी दुखणी पाहता भारतीय एवढे धडधाकट आहेत, यावर विश्वास कसा ठेवायचा? त्याच जागतिक पाहणीत अत्यंत तीव्र अडचणी असलेले २.२ टक्के होते. आपली मोजणी नजरेत भरणाऱ्या अपंगत्वापाशीच थांबते, या शंकेला त्यामुळे बळ मिळते.

दोष मुख्यतः प्रश्नात आहे. घरात कोणी अपंग आहे का, असे दारात उभ्या प्रगणकाने विचारले की उत्तर बहुधा कुटुंबातले दुसरेच कोणी देते, आणि त्या शब्दाला चिकटलेला कलंक ते उत्तर ठरवतो. मुलीचे लग्न व्हायचे असेल, तर तिचे कमी ऐकू येणे कोण नोंदवील? जागतिक पाहणीत अपंगत्व स्त्रियांमध्ये अधिक आढळले. आपल्या जनगणनेत मात्र दिव्यांगांपैकी ५६ टक्के पुरुष आहेत. स्त्रिया कशा गाळल्या जातात, हे यावरून कळावे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाचे सहा प्रश्न अपंगत्वाचे नावच घेत नाहीत. पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची निगा आणि संवाद यांत अडचण येते का, थोडी, खूप की मुळीच जमत नाही, एवढेच ते विचारतात.

असे विचारले तर म्हातारपणी गुडघे धरलेला प्रत्येकजण दिव्यांग ठरेल आणि खऱ्या गरजूंचा वाटा घटेल, हा आक्षेप गंभीर आहे. पण म्हणूनच तर उत्तरांना पायऱ्या आहेत. 'थोडी अडचण' या गणनेत धरली जात नाही. शिवाय मोजणी म्हणजे हक्कवाटप नव्हे. आरक्षणासाठी ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राची अट त्यानंतरही कायम राहील. आणि वार्धक्यामुळे जिना चढता न येणाऱ्यालाही बसची पायरी खाली हवीच असते. ती कोणत्या कारणाने हवी, याची चौकशी नियोजनकाराने कशाला करावी? २०२७च्या जनगणनेत हे सहा प्रश्न असले पाहिजेत, प्रगणकांना ते विचारण्याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे आणि शक्य तिथे उत्तर त्या व्यक्तीकडूनच घेतले पाहिजे.