मुलांच्या तापाची खरी मोजदाद

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांतील लोकांचे केस अकस्मात गळू लागले, तेव्हा त्या वार्तेने सारा देश चकित झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे शास्त्रज्ञ गावांत आले, नमुने घेतले गेले, बाधितांची मोजणी झाली. हे योग्यच झाले. परंतु त्याच बुलढाणा जिल्ह्यात पावसाळा सरता सरता मुले तापाने अंथरूण धरतात, त्यांची मोजणी इतक्या तत्परतेने होते काय, असा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो. गळालेले केस सर्वांस दिसतात. मुलाच्या अंगातील ताप घराच्या उंबरठ्याबाहेर दिसत नाही.

हिवताप, डेंग्यू व चिकुनगुन्या यांचे सरकारी आकडे खोटे असतात, असा आमचा आरोप मुळीच नाही. ते आकडे रोग्यांचे नसून तपासणीपर्यंत पोहोचलेल्या रोग्यांचे असतात, एवढेच आमचे म्हणणे. संग्रामपूर वा जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एखाद्या मुलाचा ताप कागदावर उतरण्यापूर्वी किती पायऱ्या चढतो ते पाहावे. आईने मजुरी बुडवून दवाखाना गाठला पाहिजे. तेथे रक्त तपासले गेले पाहिजे. खाजगी डॉक्टरने झटपट चाचणीवरून डेंग्यू ठरविला, तरी सरकारी गणतीत एलायझा चाचणीने निश्चित झालेलाच रोगी धरला जातो. आणि दुर्दैवाने मूल दगावलेच, तर मृत्यूचे कारण कोणी जाणत्या वैद्याने लिहून दिले पाहिजे. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र मिळालेले मृत्यू अवघे साडेबावीस टक्के होते. प्रत्येक पायरीवर काही मुले गळतात आणि अखेरीस उरलेल्या आकड्यासच आपण रोगाचे मान समजून बसतो.

ही गळती केवढी असू शकते? २०१० साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मृतांच्या आप्तांकडून घरोघर लक्षणे विचारून, भारतात सत्तरीच्या आत हिवतापाने वर्षास सुमारे २ लाख ५ हजार माणसे मरतात, असे अनुमान काढले गेले. त्यांत ५५ हजार अगदी लहान मुले. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता १५ हजारांचा. डेंग्यूविषयी २०१४ सालच्या एका अभ्यासाने, वैद्यांनी निदान केलेले खरे रोगी नोंदलेल्या संख्येच्या २८२ पट असावेत, असे सांगितले.

आता या मोठ्या आकड्यांनी भारून जाणे हाही अविवेकच होय. ताप अनेक रोगांत येतो. आप्तांच्या आठवणीवरून हिवताप ओळखणे कठीण, हा संघटनेचा आक्षेप निराधार नव्हता. २८२ चा गुणक मुख्यतः मदुराईतील निरीक्षणांवर उभा आहे. बुलढाण्याची बेरीज घेऊन तिला त्याने गुणणे म्हणजे शास्त्र नव्हे. सारांश, गुणक उसना आणता येत नाही. तो आपल्या गावी मोजावा लागतो.

तो मोजण्याचे साधन म्हणजे मूलच होय. गेल्या शतकापूर्वीच, १८४० च्या दशकात, यमुनेच्या कालव्यांकाठी हिवतापाचे मान काढताना डेम्पस्टर यांनी वाढलेल्या प्लीहा मोजल्या होत्या, आणि पुढे मुलांची प्लीहा हेच हिवतापाचे प्रमाण ठरले. प्रौढ मनुष्य रोग कोठून व कधी घेऊन आला हे सांगणे कठीण. पाच वर्षांच्या मुलाचे रक्त त्याच गावाच्या गेल्या पाच वर्षांची साक्ष देते. संशोधन परिषदेने २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत रक्ततपासणी केली, तेव्हा ५ ते ८ वर्षांच्या २८.३ टक्के मुलांत डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. यावरून ढोबळ हिशेब मांडला, तर आजवर न बाधलेल्या शंभर मुलांतील चार-पाचांस तरी दरवर्षी हा रोग शिवतो. यांतील बहुतेकांस तो जाणवतही नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्यांस जाणवतो, त्यांचा ताप उतरताना, घरचे निश्चिंत होतात नेमक्या त्याच वेळी, प्रकृती ढासळण्याचा धोका असतो.

त्याच तपासणीत खेड्यांहून शहरांत डेंग्यू अधिक आढळला, म्हणून खेड्यांनी निर्धास्त राहावे काय? आमच्या मते नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात गोडे पाणी दुर्मीळ. म्हणून ते रांजणांत, हौदांत, पिंपांत दिवसचे दिवस साठवावे लागते. एडिस डासास हवे असते ते असेच साठविलेले स्वच्छ पाणी. जेथे पाण्याची टंचाई, तेथे डासांची सुबत्ता! त्या गृहिणीस दोष देण्यापूर्वी तिच्या नळास पाणी किती दिवसांनी येते, हे विचारावे.

आमच्या सूचना साध्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत जातातच. तेराही तालुक्यांतील निवडक गावांत, पालकांच्या संमतीने, त्यांनी बोटाच्या रक्ताचे थेंब वर्षातून एकदा तपासणीस पाठवावेत. खाजगी प्रयोगशाळांतील संशयित रोगी निराळ्या रकान्यात का होईना, पण नोंदावेत. तापाने मेलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी चौकशी व्हावी, ती शिक्षेसाठी नव्हे, तर कारण कळावे म्हणून. आणि हे आकडे तालुकावार, उणिवांसह प्रसिद्ध करावेत.

आकडा वाढला म्हणून अधिकाऱ्यास जाब विचारण्याची आपली रीत मात्र प्रथम सोडली पाहिजे. खरे मोजणाऱ्यास शिक्षा होऊ लागली, तर खोटे मौन हेच शहाणपण ठरते. औषधे, खाटा व चाचण्या आकड्यांमागे जातात. ज्या मुलाची गणना झाली नाही, त्याच्या वाट्यास यांतील काहीच येत नाही.