राखेच्या गाड्या आणि सरकारी तराजू

'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी तळ्यांत पाणी असे. बीड जिल्ह्यातील परळीजवळ जी तळी आहेत त्यांत साठविली जाते ती राख. पण म्हण मात्र तेथेही खोटी पडली नाही. राखणारे आहेत आणि चाखणारेही आहेत. भेद इतकाच की, पाणी चाखणाऱ्याने फार तर शेजाऱ्यास तहानलेला ठेवला असता. राख चाखणारा ती भर रस्त्याने उधळीत नेतो, आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत, घशात व ताटात तिचा वाटा न मागता पोहोचवितो.

परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. ते जुने संच आता निवृत्त झाले असून प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच त्यांच्या जागी उभे आहेत. या केंद्राने महाराष्ट्रास वीज दिली, परळीस रोजगार दिला, आणि त्याबद्दल या अवर्षणग्रस्त मुलखाने आपल्या घोटातले पाणीही त्यास दिले. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून सारे केंद्र बंद ठेवण्याची वेळ आली होती, हे वाचकांस स्मरत असेल. या केंद्राशी आमचे वैर नाही. पण आपल्या देशी कोळशात शंभर भागांत तीस ते पंचेचाळीस भाग राख असते. म्हणजे कोळशाच्या तीन वाघिणी परळीस आल्या की सुमारे एका वाघिणीइतकी राख मागे उरते. तिच्यापैकी सूक्ष्म व कोरडी राख धुराड्याच्या वाटेवरच विजेच्या यंत्रांनी धरून उंच कोठारांत साठविली जाते व बंद टाकीच्या वाहनांतून सिमेंटच्या कारखान्यांस जाते. उरलेली पाण्यात कालवून नळांनी दाऊतपूर व दादाहरी वडगाव या बाजूच्या तळ्यांत सोडतात. ही तळ्यातली राख यंत्राने उपसून टिपरांत भरली जाते आणि वीटभट्ट्यांकडे व भरावाच्या कामांकडे निघते. ओली असते तोवर ती निमूट बसते. ऊन लागले, वारा सुटला व टिपर धावू लागला की ती उडते. आमची तक्रार बंद टाकीविरुद्ध नाही. शिगोशीग भरलेल्या, ताडपत्री नावालाच असलेल्या टिपराविरुद्ध आहे.

येथे एक विलक्षण गोष्ट आमच्या वाचकांतील व्यापाऱ्यांच्या ध्यानी तत्काळ येईल. कोळसा परळीस येतो तो आगगाडीने, वजन होऊन, पावती होऊन. वाघिणीत परवानगीहून अधिक माल भरला तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ७३ व्या कलमान्वये दंडात्मक आकार बसतो, आणि तो इंजिन चालविणाऱ्याकडून नव्हे, तर माल पाठविणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून वसूल होतो. त्याच कोळशाची राख परळीहून बाहेर पडते तेव्हा मात्र तराजू, पावती व जबाबदार मालक ही तिन्ही नाहीशी होतात. रस्त्यावर पोलिसांच्या हाती सापडतो तो चालक. मालक घरी असतो, आणि भरून देणारा तर कोणाच्याच वहीत नसतो. कोळसा मापून येतो आणि राख बेमाप जाते, असा हा व्यवहार आहे. ज्या दुकानात आवक तोलून व जावक अंदाजाने होते, त्या दुकानाचे दिवाळे केव्हा निघेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

दिवाळे निघू लागलेच आहे. जानेवारी २०२५ मध्ये परळी तालुक्यातील सौंदाणा गावचे सरपंच राख वाहणाऱ्या टिपराच्या धडकेने मृत्यू पावले. त्यापूर्वी महिनाभर, डिसेंबर २०२४ मध्ये, केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली होती व त्या निमित्ताने परळीच्या राखेच्या धंद्याची चर्चा राज्यभर चालू होती. त्यामुळे या दुसऱ्या मृत्यूकडेही लोक संशयाने पाहू लागले. हत्येच्या प्रकरणाचा निर्णय न्यायालयाने करावयाचा आहे. राखेच्या धंद्यात कोणत्या पुढाऱ्याचा किती वाटा, या वादातही आम्हांस आज शिरावयाचे नाही. आम्ही इतकेच विचारतो की, टिपराखाली माणूस सापडला तर तो अपघात की घातपात, असा प्रश्न लोकांच्या मनात प्रथम यावा, इतका या वाहतुकीवरचा विश्वास का उडाला? जेथे गाडी कोणाची, माल कोणाचा, वजन किती व परवाना कशाचा हे कोठेही लिहिलेले सापडत नाही, तेथे अपघातही संशयास्पदच दिसणार. परळीहून अंबाजोगाईस, गंगाखेडास किंवा सिरसाळ्यावरून तेलगावास रात्री दुचाकीने जाणाऱ्या गृहस्थास पुढच्या गाडीचा मागचा दिवा राखेच्या लोटात दिसत नाही, ही गोष्ट त्या रस्त्यांवरील कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारून पाहावी.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे काय? मुळीच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११३ वे कलम वजनाची मर्यादा घालते. ११४ वे कलम, अधिकाऱ्यास संशय आल्यास पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरांच्या आत असलेल्या वजनकाट्यावर गाडी नेण्यास भाग पाडते. १९४ वे कलम २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये दंड व वर प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये सांगते, आणि जादा माल उतरविल्यावाचून गाडी हलू देऊ नये असेही सांगते. तीन आसांच्या टिपरास गाडीसुद्धा एकूण साडेअठ्ठावीस टनांची मुभा आहे. ती मर्यादाही २०१८ साली पंचवीसावरून वाढवून मिळालेली. त्यावर दहा टन अधिक घातले तर दंड चाळीस हजारांचा होतो. पूर्वी काही राज्यांत दंडाची रक्कम आगाऊ भरून घेऊन जादा भाराचे परवानेच विकले जात असत. सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन यांच्या खटल्यात २००५ सालीच स्पष्ट केले की, दंड भरला म्हणून जादा भार वाहण्याचा हक्क विकत मिळत नाही. शिवाय १९४ वे कलम केवळ 'जो चालवील' त्यास धरीत नाही. 'जो चालविण्यास लावील किंवा चालवू देईल' त्यासही धरते. ही शेवटची अक्षरे पुस्तकात आहेत. खटल्यांत ती किती वेळा उतरतात, हे आमच्या वकीलबंधूंनी आपल्याशीच मोजून पाहावे.

आता व्यापाराची बाजू. ती आम्ही थोडी विस्ताराने मांडतो. कारण वजनाचा नियम म्हणजे व्यापारावरचा जुलूम, असा एक समज बाजारपेठेत आहे. समजा, एका गृहस्थाजवळ एक टिपर आहे. तो कायद्याने ठरलेलाच माल भरतो, ताडपत्री बांधतो, विमा वेळेवर भरतो, चालकास रात्री झोपू देतो. दुसरा गृहस्थ तोच टिपर दीडपट भरतो. डिझेल थोडेसेच अधिक लागते, चालक एकच, खेपही एकच. म्हणून दुसऱ्यास दर टनामागे भाडे कमी घेणे परवडते. सहा महिन्यांत पहिल्याचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. वर्षभरात पहिला एकतर टिपर विकतो, नाहीतर स्वतःही दीडपट भरू लागतो. पण भाडे उतरले म्हणून दुसऱ्याच्या पदरी तरी काय उरते? चाके, कमानी, इंजिन लवकर झिजतात. हप्ता चुकवावयाचा नाही म्हणून खेपा वाढवाव्या लागतात. खेपा वाढवावयाच्या म्हणून वेग वाढवावा लागतो. आणि वेग वाढला की रस्त्यावर कोण आडवे येईल याचा नेम राहत नाही. वाटेत हात पसरणारे जे कोणी भेटतात त्यांची दक्षिणा निराळीच. शेवटी लाभ होतो तो राख स्वस्तात मिळालेल्या मोजक्या गिऱ्हाइकांचा व मधल्या दलालांचा. ज्या बाजारात खोटे माप चालते, त्या बाजारातून आधी खरा व्यापारी उठतो. धान्याच्या अडत्याने मापात मारले तर जे व्यापारी त्यास पेठेत बसू देणार नाहीत, त्यांनी रस्त्यावरच्या या खोट्या मापाकडे डोळेझाक का करावी?

मग रस्त्याची किंमत. अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरविण्यात आले. त्यातून असे निघाले की, आसावरील भार वाढला तर रस्त्याची झीज त्याच प्रमाणात वाढत नाही. ती सुमारे चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर झीज सोळापट. आमच्या वरच्या उदाहरणात साडेअठ्ठावीसाऐवजी साडेअडतीस टन गेले. सारे आस सारख्या प्रमाणात दडपले असे धरले तर एका खेपेत सव्वातीन खेपांहून अधिक झीज झाली. माल दहा टनांनी वाढला आणि रस्त्याचे आयुष्य तिपटीहून अधिक वेगाने सरले. हा फरक टिपरवाला भरीत नाही. तो बीड जिल्ह्यातला शेतकरी, शिक्षक, दुकानदार आपल्या करांतून भरतो आणि खड्ड्यांतून दुसऱ्यांदा भरतो.

यावर एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो व तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राख उचललीच पाहिजे, नाहीतर तळी भरतील, केंद्र बंद पडेल, वीटभट्ट्यांवरचे मजूर उपाशी मरतील. पहिला भाग तर कायद्याचाच आहे. केंद्र सरकारने १९९९ साली राखेच्या वापराची अधिसूचना काढली. महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र धोरण स्वीकारले. आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सर्व राख वापरात आणण्याचे बंधन घालून, न वापरलेल्या राखेवर दर टनास हजार रुपये भरपाई ठरविली. राखेच्या विटांनी सुपीक मातीचा उपसा वाचतो, ही गोष्टही आम्हांस मान्य आहे. परंतु राख उचला असे सांगणाऱ्या कायद्याने ती लोकांच्या छातीत भरा असे कोठे सांगितले? उचलण्याचा हिशेब केंद्राच्या वहीत शंभर टक्के भरला आणि वाटेत उडालेल्या राखेचा हिशेब गावकऱ्यांच्या खोकल्यात राहिला, तर त्यास विल्हेवाट म्हणत नाहीत, स्थलांतर म्हणतात.

ही पीडा एकट्या बीडची नव्हे. यवतमाळच्या वणीस व चंद्रपूरच्या घुग्घुसास कोळशाच्या ट्रकांची ओळख जुनी आहे. गोव्यातील सत्तरी तालुक्यात सोनशी गावच्या लोकांनी एप्रिल २०१७ मध्ये खनिजाचे ट्रक धुळीला कंटाळून अडविले. चाळीसहून अधिक स्त्रीपुरुषांनी त्यापायी तुरुंग पाहिला, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर त्या धुळीकडे सरकारचे लक्ष गेले. धूळ उडविणारा मोकळा आणि धूळ खाणारा कोठडीत, असा न्याय परकीय अमलात झाला असता तर आम्ही त्यावर किती रकाने लिहिले असते! मराठवाडा निजामाच्या जोखडातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुटला. आता अधिकारी आपले, कायदा आपला, राखही आपलीच. दोष द्यावयास परका राहिला नाही, ही स्वराज्याची अडचण आहे खरी.

मागणी फार मोठी नाही. गाडी रस्त्यावर पकडण्यापूर्वी ती तळ्याच्या तोंडाशी तोलावी. राख जेथून उचलली जाते तेथे काटा बसवावा, आणि वजन, गाडीचा क्रमांक, मालकाचे नाव व मुक्काम लिहिलेल्या पासावाचून एकही टिपर बाहेर पडू नये. ताडपत्री चारी बाजूंनी बांधलेली नसेल तर पास मिळू नये. त्या दिवसाची नोंद दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीच्या फलकावर लागावी. चार हवालदार रात्रभर नाक्यावर उभे करण्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि हवालदारांचाही मोह वाचेल. जादा भार निघाला तर चालकाबरोबर मालकावर व भरून देणाऱ्यावर खटला भरावा. दुसरे, मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाने विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट जातीच्या गाड्यांस मनाई करण्याचा किंवा मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य सरकारास व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यास आहे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी व गावांतून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर तो वापरावा. महिन्याहून कमी मुदतीचा हुकूम असेल तर राजपत्रात छापण्याचीही गरज नाही; स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे प्रयोग करून पाहण्यास मुंबईकडे डोळे लावून बसावयास नको. आणि लांबच्या गिऱ्हाइकांस राख रेल्वेने का जाऊ नये, हेही कोणी तपासावे. ज्या रुळांवरून कोळसा येतो ते रुळ एकाच दिशेने धावतात असे आम्ही ऐकले नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडलाही अहिल्यानगरकडून आगगाडी पोहोचली. परळीपर्यंतचा उरलेला मार्ग पुरा झाला म्हणजे ही वाट आणखी रुंद होईल. (उसाच्या हंगामात दोन दोन ट्रॉल्या मागे बांधून, लाल काचेचा तुकडाही न लावता जाणाऱ्या ट्रॅक्टरांविषयी आम्ही स्वतंत्रपणे लिहू. कारखान्यांच्या दारात काटे आहेत, म्हणून ते सुटले असे कोणी समजू नये.)

इतके करूनही कचेऱ्या हलल्या नाहीत तर गावकऱ्यांच्या हाती एक उपाय आहे, आणि तो सोनशीच्या लोकांप्रमाणे तुरुंगाच्या दारातून जात नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १५२ वे कलम झाले आहे. सार्वजनिक वाटेवरील उपद्रव दूर करण्याचा, आणि लोकांच्या आरोग्यास अपायकारक अशा धंद्यास मनाई करण्याचा किंवा नियम घालण्याचा सशर्त हुकूम जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी त्याखाली देऊ शकतात. १९८० साली रतलामच्या नगरपालिकेने गटारे बांधावयास पैसा नाही अशी सबब याच जुन्या कलमाखाली पुढे केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ऐकली नाही. अर्जात रस्त्याचे नाव, वेळ, गाड्यांचे क्रमांक व उपद्रवाचे स्वरूप तारीखवार लिहावे, शक्य तेथे छायाचित्र जोडावे, आणि गावातल्या डॉक्टरांचे म्हणणे लेखी घ्यावे. परळी, अंबाजोगाई किंवा माजलगाव तालुक्यातील कोणत्याही ग्रामस्थांस असा अर्ज करावयाचा असेल व मसुदा पाहिजे असेल, तर आमच्या कचेरीत यावे. तो आम्ही फी न घेता करून देऊ.