औषध लागू पडतंय का? रक्तच सांगेल!

भंडारदऱ्यातल्या रुग्णाला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निदानासाठी, एमआरआयसाठी शहर गाठावं लागतं. या आजारात प्रतिकारशक्तीच्या पेशी मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरणच पोखरतात. या पेशींतली कोणती जनुकं चालू, कोणती बंद, हे रक्तातून कळतं. उदाहरणार्थ, इंटरफेरॉन-बीटा घेतल्यावर ‘एमएक्स१’ जनुक सक्रिय होतं. शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली, तर ही सक्रियता घटते. म्हणजे महागडं इंजेक्शन वाया जातंय का, ते समजू शकतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. सरकारने प्रमाणपत्रावरच थांबू नये; अकोले तालुक्यातच या तपासणीसाठी रक्त घेण्याची सोय करावी. दर वेळी रुग्णाने कशाला, रक्ताच्या नमुन्याने प्रवास करावा.