मनोरुग्णालयातून घरी आल्यावर पुढे काय?

ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर, रत्नागिरी. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं इथे आहेत, नाशिकमध्ये नाही. नाशिकचा रुग्ण ठाण्याला दाखल झाला, तर घर सुमारे दीडशे किलोमीटर दूर. बरं वाटल्यावर तो परततो आणि खरी कसोटी सुरू होते: गोळ्या, नोकरी, शेजाऱ्यांच्या नजरा.

कायदा काय सांगतो?
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देतं. घरचे नेत नाहीत किंवा राहायची सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. कलम १८ नुसार हाफवे होमसारखी सोय करणं सरकारचं काम आहे.

अडतं कुठे?
अशी घरं मोजकीच आहेत. त्यामुळे सगळा भार कुटुंबावर पडतो. ‘देवराई’ सिनेमामागे असलेली पुण्यातली ‘सा’ संस्था रुग्ण आणि नातेवाइकांचे स्वमदत गट चालवते. असे गट प्रत्येक शहराला हवेत.

आज काय करता येईल?
• जिल्हा रुग्णालयात मानसोपचार घ्या. डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवू नका.
• ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत, २४ तास.
• अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

आणि शेजारी म्हणून? त्याला पूर्वीसारखंच चहाला बोलवा.