बचनागाचे शोधन: विधी आणि मोजमाप

बचनाग, म्हणजेच वत्सनाभ, हे हिमालयाच्या उंच उतारांवर वाढणाऱ्या अ‍ॅकोनिटम प्रजातीतील वनस्पतींचे गाठदार मूळ. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, मृत्युंजय अशा परिचित आयुर्वेदीय रसकल्पांत ते पडते. त्याच्या शोधनाविषयी, म्हणजे औषधात वापरण्याआधी केल्या जाणाऱ्या शुद्धीविषयी, दोन टोकांची मते ऐकू येतात. शोधन झाले की विषाचे अमृत होते, हे एक. शोधन हे निव्वळ कर्मकांड, विष ते विषच, हे दुसरे.

दुसरे मत खोडणे सोपे आहे. मुळातील मुख्य विष अ‍ॅकोनिटीन. मज्जातंतू आणि हृदयस्नायूंच्या पेशींवर सोडियमची दारे असतात. ती क्षणभर उघडून मिटायची असतात. अ‍ॅकोनिटीन त्यांना मिटू देत नाही. आधी ओठ-जीभ झिणझिणतात, बधिर होतात. मग उलट्या, रक्तदाब घसरणे आणि शेवटी हृदयाचे ठोके बेताल होणे. शुद्ध अ‍ॅकोनिटीन दोनेक मिलिग्रॅम पोटात गेले तरी माणूस दगावू शकतो. मात्र या रेणूची मारकता त्याला जोडलेल्या दोन एस्टर गटांवर अवलंबून असते. पाण्यात उकळताना आधी अ‍ॅसिटिल गट सुटून बेंझॉइलअ‍ॅकोनीन बनते, मग बेंझॉइल गटही सुटून अ‍ॅकोनीन उरते. यांतले पहिले मुळातल्या विषापेक्षा शेकडो पटींनी सौम्य, दुसरे त्याहूनही सौम्य. तुकडे गोमूत्रात भिजवून रोज द्रव बदलणे किंवा दोलायंत्रात, म्हणजे पुरचुंडी द्रवात टांगून, दुधात शिजवणे, या रीतींनी काही विष द्रवात उतरते आणि काही विघटित होते. ज्यांनी हे विधी लिहून ठेवले त्यांना एस्टर ठाऊक नव्हता. परिणाम ठाऊक होता. याला कर्मकांड म्हणणे हा आळस आहे.

पण म्हणून पहिले मत खरे ठरत नाही. विघटन किती होईल हे वेळ, उष्णता आणि तुकड्यांची जाडी यांवर ठरते; मुळात विष किती होते हे वनस्पतीची जात, ठिकाण आणि हंगाम यांवर. त्यामुळे विधी शब्दशः पाळला तरी उरलेले विष दर खेपेला सारखेच असेल, याची हमी कोणताही श्लोक देत नाही. टंकण, म्हणजे टाकणखार, हा वत्सनाभाचा उतारा, हा युक्तिवादही इथे तोकडा पडतो. विषबाधा झाल्यावर देता येईल असा विशिष्ट उतारा आधुनिक वैद्यकाकडेही नाही. लय सावरणारी औषधे द्यायची, रक्ताभिसरण टिकवायचे, एवढेच हाती उरते.

म्हणून शोधनाचा खरा कैवारी तो, जो त्याचे मोजमाप मागतो. चीनच्या औषधसंहितेने प्रक्रिया केलेल्या मुळातील द्विएस्टर अल्कलॉइडांवर कमाल मर्यादा घातली आहे. रशियात तर याच प्रजातीतील लॅपाकोनिटीन हृदयाच्या बेताल ठोक्यांवरचे औषध म्हणून वापरात आहे. ते सोडियमची दारे उघडी धरण्याऐवजी अडवते. विषारी कुळ म्हणून सरसकट झिडकारणाऱ्यांनी ही नोंद जरूर घ्यावी.

भारतात १९४५ च्या औषध नियमांच्या ई(१) अनुसूचीत वत्सनाभाचा समावेश आहे, आणि पोटात घेण्याच्या अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा छापणे बंधनकारक आहे. इशारा योग्यच, पण अपुरा. उत्पादकांनी प्रत्येक बॅचमधील अ‍ॅकोनिटीन मोजून तो आकडा वेष्टनावर द्यावा. आणि तापासाठी त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कोणी घेऊ नयेत.