टोल म्हणायचा की हप्ता?

सुट्टी लागली की दोन दिवसांत घराघरांतून एकच ओरड ऐकू येते, ‘आई, बोअर होतंय!’ मग आपण एक तर हातात मोबाइल देतो, नाही तर दुकानातून चकचकीत खोका आणतो. त्या खोक्यातल्या खेळाची हौस आठवडाभर टिकते आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या सोंगट्या कपाटाखाली सापडतात. मैत्रिणींनो, माझं तर स्पष्ट मत आहे की खेळ घरीच करावा. पैसे वाचतात म्हणून नव्हे. (वाचतात, हेही खरंच!) घरच्या खेळाचे नियम मुलांना स्वतः ठरवावे लागतात आणि ते ठरवताना ती जी भांडतात ना, ती भांडणं आपण कान देऊन ऐकावीत अशी असतात.

आमच्या सोसायटीतली आठ-दहा मुलं शनिवारी दुपारी माझ्याकडे जमतात. त्यात फ्लॅटमधली आहेत, तशी वॉचमनची, धुणंभांडी करणाऱ्या मावशींचीही आहेत. यंदा सगळ्यांना समुद्री चाच्यांचाच खेळ हवा होता. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ हा सिनेमा २००३ सालचा, यांच्यापैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. पण डोळ्यावरची पट्टी, खांद्यावरचा पोपट आणि फुली मारलेला नकाशा सगळ्यांना तोंडपाठ! तो फुलीवाला नकाशा लोकप्रिय केला स्टीव्हन्सनच्या १८८३ च्या ‘ट्रेझर आयलंड’ कादंबरीने. खऱ्या चाच्यांना खजिना पुरून ठेवायची सवड कुठली? वाटून घ्यायचा आणि उडवून मोकळं व्हायचं.

सामान सगळं घरातलंच. साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवले आणि रात्रभर वजनाखाली ठेवले. त्यावर दोन-दोन इंचांचे चौसष्ट चौकोन आखले. कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की छान जुनाट दिसतो (चहा बिनसाखरेचा घ्या, नाही तर मुंग्या लागतात). अक्रोडाच्या अर्ध्या कवचात कणकेचा गोळा, त्यात टूथपिक, टूथपिकला कागदाचं शीड, की झालं गलबत. नाणी म्हणून शर्टाची बटणं. फाशाऐवजी चार कवड्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढे जायचं आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. कवड्या नसतील तर चिंचोके मधोमध फोडून घ्या, आपल्या आज्या तेच करायच्या.

समुद्र मात्र मी कॅरिबियनचा घेऊ दिला नाही. एवढी आपली किनारपट्टी असताना? मुंबईपासून गोव्यापर्यंतचा किनारा काढला आणि साल धरलं १७२०. मुंबई इंग्रजांची, चौल पोर्तुगीजांचं, जंजिरा सिद्दीचा. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग सरखेल कान्होजी आंग्र्यांचे. व्यापाऱ्याने गलबत घेऊन निघायचं आणि माल सुखरूप गोव्याला पोचवायचा.

आता चाचा कोण होणार? मी विचारायचा अवकाश, तीन-चार बोटं एकदम वॉचमनच्या मुलाकडे वळली. ‘काकू, तो होईल ना!’ त्यात दुष्टपणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मागच्या मे महिन्यात सोसायटीतली एक सायकल हरवली होती, तेव्हाही पहिली चौकशी वॉचमनच्याच खोलीत झाली. दुसऱ्या दिवशी सायकल बी विंगच्या जिन्याखाली मिळाली. त्या खोलीत ‘चुकलं आमचं’ म्हणायला कोणी गेलं नाही. मुलं हे सगळं बघत असतात हो. तो मुलगाही काही बोलला नाही, त्याने मुकाट्याने काळं शीड उचललं.

मी ते शीड बाजूला ठेवलं आणि आंग्र्यांची गोष्ट काढली. कान्होजी म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. त्यांच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाने त्यांचा परवाना, म्हणजे दस्तक घ्यायचं. नसेल तर जहाज अडवलं जाई. पोर्तुगीज तर हेच सोळाव्या शतकापासून करत होते, त्यांच्या परवान्याचं नाव कार्ताझ. पण इंग्रजांना कान्होजींचं दस्तक मानवेना. १७१८ मध्ये त्यांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चालून आले, तेही फसलं. कान्होजी १७२९ मध्ये वारले, तोवर इंग्रजांना ते काही आवरले नाहीत. मग १७३७ मध्ये लंडनला एका इंग्रजाचं पुस्तक निघालं, त्याच्या लांबलचक नावातच कान्होजी ‘पायरेट’! आणि आपल्याकडे? मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव ‘आयएनएस आंग्रे’.

‘म्हणजे दस्तक हा टोल नाका!’ डी विंगमधली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली.

‘टोल कसला? हप्ता!’ वॉचमनचा मुलगा पहिल्यांदा बोलला. त्याची आई हातगाडीवर भाजी विकते. गाडी कुठे लावायची याचे पैसे तिला कुणाला तरी द्यावे लागतात आणि त्याची पावती मिळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग जे काही पेटलं! पावती दिली तर टोल, नाही तर हप्ता, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणतो, पैसे घेऊन रक्षण करतो तो राजा, पैसे घेऊनही लुटतो तो चाचा. मी मध्ये पडले नाही, फक्त एक खरा चाचा सांगितला. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रजाने १६९५ मध्ये औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटलं. मक्केहून परतणारे यात्रेकरू होते त्यावर, त्यात बायकाही होत्या. त्या बायकांचं पुढे जे झालं ते मी मुलांना सांगितलं नाही. पण पोपट आणि पट्टीच्या पलीकडे चाचेगिरी गमतीची नव्हती, एवढं त्यांना कळू द्यावं, असं माझं मत आहे.

नियम मतदानाने ठरले. चाच्यांच्या जहाजांवरही लेखी नियम असत. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजाचे नियम १७२४ च्या पुस्तकात छापलेले आहेत: प्रत्येकाला एक मत आणि पैसे लावून पत्ते-फासे खेळायला बंदी! हे ऐकून मुलं खूश. आमचा नियम क्रमांक एक असा: काळं शीड प्रत्येक डावाला कवड्यांवर ठरेल, बोटांनी नाही. क्रमांक दोन: किल्ल्यावर दोन बटणं देऊन दस्तक घ्यायचं, आणि किल्लेदाराने चिठ्ठीवर सही करून द्यायची. सही नसेल तर बटणं परत. हा दुसरा नियम कोणी सुचवला, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

परवाच्या डावात काळं शीड आलं डी विंगच्या त्याच मुलीकडे. सगळे तिला ‘चोर, चोर’ करायला लागले तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मी फक्त खेळतेय ना!’ म्हणाली. वॉचमनच्या मुलाने कवड्या तिच्या हातात दिल्या आणि म्हणाला, ‘टाक, तुझी पाळी आहे.’ तिने टाकल्या. चारही पालथ्या पडल्या, आठ घरं मिळाली, आणि तिने नेमकं त्याचंच गलबत लुटलं. तो दस्तक घ्यायला विसरला होता.