थार उचलून काय मिळतं?

ऑफरोडिंगला माझा विरोध नाही. विरोध आहे तो लिफ्ट किट बसवून पुण्याच्या सिग्नलवर मिरवण्याला.

साधं गणित बघा. २०२०च्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीकडूनच २२६ मिमी आहे. दोन इंचांची लिफ्ट टाकली की बॉडी वर जाते, चढाला बंपर घासत नाही, मान्य. पण मागच्या सलग अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल होता तिथेच राहतो आणि दगडाला आधी तोच लागतो. तो वर न्यायचा तर मोठे टायर हवेत. शिवाय पुढच्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढून त्यावर ताण येतो आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने गाडी घाटाच्या वळणावर जास्त कलते.

‘माझे पैसे, माझी गाडी,’ म्हणाल. रस्ता मात्र सगळ्यांचा आहे. हेडलाइट पुन्हा सेट केले नाहीत तर झोत समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. बॉनेटपुढचं लहान मूल दिसणं आणखी अवघड होतं.

खरंच चिखलात जायचंय? आधी चांगले टायर घ्या, हवा किती कमी करायची आणि फोर-लो कधी टाकायचा ते शिका. त्यानंतरही गाडी खाली घासली, तर लिफ्टचं बोलू.